खांबाएवढं चित्र

वीतभरही रुंद नाही. लांबी माझ्या सबंध हाताएवढी.
असली चित्रं आम्ही खांबासाठी छापायचो.
एदोतल्या आमच्यासारख्यांच्या घरात भिंती कुठल्या?
सरकते कागदी दरवाजे, आणि मधे एक खांब,
गाठींचा, जुन्या खिळ्यांच्या भोकांचा.
गिऱ्हाईक म्हणायचं, हे झाकायला काहीतरी द्या.
किंमत सोबाच्या एका वाडग्याएवढी.
वाडगा रिकामा होतो, चित्र उरतं,
असं दुकानदार इसोहाची सांगायचा.
उरण्यातलं त्याला काय कळत होतं म्हणा.

चित्रकाराचं नाव कागदावर,
त्याखाली इसोहाचीचा शिक्का.
माझा फक्त दाब.
बांबूच्या पानात गुंडाळलेली घोटणी,
चेरीच्या लाकडाचा ठसा, तुतीच्या सालीचा ओलसर कागद,
आणि खांद्यापासून बोटांपर्यंत उतरणारं माझं वजन.

त्या वर्षी पतंगाचं चित्र होतं.
अगदी वर करडईच्या लालाने भरलेला पतंग,
तिथून दोरी खाली, खाली, खाली,
केन्याच्या फुलांच्या निळ्या आभाळातून,
आणि तळाशी, कडेला,
अस्तनीची किनार नि तीन बोटं.
बस्स. माणूस नाही.
कागद तिथेच संपतो.

एका प्रतीत निळा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला.
इसोहाचीने ती फेकली, मी घरी आणली.
ओसुमाने रात्रीच्या भातातून मूठभर काढून खळ शिजवली,
बोलली काही नाही, पण दुसऱ्या दिवशी
माझ्या वाडग्यात तेवढाच भात कमी.

तोमेकिची तेव्हा चार वर्षांचा.
"हात कुणाचा?"
मी म्हटलं, माहीत नाही.
तो खांबामागे गेला.
तिथे एक गाठ, दोन खिळे, कोळी.
मग बरेच दिवस तो अचानक डोकवायचा,
जेवता जेवता, झोपेतून उठून,
म्हणजे मागे दडलेल्याला पळायला वेळ मिळू नये.
मी चित्रकाराला विचारलं एकदा, हात कुणाचा हो?
तो हसला. खांबच तेवढा रुंद, मी काय करू.

निळा पहिल्याच पावसाळी दमटपणात गेला.
आभाळ भाताच्या काडासारखं पिवळसर झालं.
लाल उन्हाने खाल्ला,
बाकीचं माशाच्या तेलाच्या दिव्याने काजळवलं.
माझ्याच हातचे रंग,
दुसऱ्यांच्या घरी उडाले ते मला कधी दिसले नव्हते,
इथे रोज जेवताना समोर.
शेवटी काळं तेवढं राहिलं,
दोरी, आणि तीन बोटं.

अकराव्या वर्षी तोमेकिचीला
कावागोएच्या निळीवाल्याकडे कामाला ठेवला.
निघताना गवती चपलांच्या दोऱ्या आवळल्या त्याने
आणि खांबामागे डोकावून आला.
मी खाली वाकून काहीतरी शोधत होतो.

आग लागली ती दोन गल्ल्यांपलीकडे.
पण ती इकडे येऊ नये म्हणून
अग्निशामकांनी आकड्यांनी आमची सगळी रांग ओढून पाडली.
आग आलीच नाही मग. वारा फिरला.
कुणाला बोल लावणार?

खांब गल्लीत आडवा पडलेला.
कागद कुठे उडाला कोण जाणे.
धुराने काळ्या पडलेल्या लाकडावर
एक लांबट, अरुंद पट्टी,
सुताराने रंधा मारून नुकतीच सोडावी तशी कोरी.
तिथे ना पतंग, ना दोरी.

तिसऱ्या दिवशी तोमेकिची आला.
कोपरापर्यंत हात निळे,
नखांच्या मुळांत मुरलेला तो निळा,
माझ्या निळ्यासारखा भित्रा नव्हे.
खांबाशी बसला.
पट्टीच्या तळाशी, कडेला,
त्याने तीन बोटं टेकली.
बरोबर त्याच जागी. मला विचारलंही नाही.

मी काही बोलणार होतो.
तेवढ्यात ओसुमा राखेने भरलेली किटली घासता घासता म्हणाली,
"नुसता हात काय लावतोस?
उचलायला हात लाव.
खांब धड आहे अजून."